तितराचा आवाज

"ऊठ. तुमच्या लोकांना येतो ना तितराचा आवाज? काढून दाखव," सर म्हणाले.

बी.ए.चा वर्ग. मराठीच्या तासाले रानावरचा धडा चालू होता. पाहुणे म्हणून वनखात्याचे एक साहेब खुर्चीवर बसले होते. साऱ्या वर्गातून सरांनी मलेच उठवलं. काऊन? मी पारध्याची पोरगी. त्या धड्यावर मी चार पानं लिहून आणली होती. ती कोणी मागितलीच नाई.

आन मी येडी! मले वाटलं, बरं झालं, आपल्याले येते ते इथं कोणालेच येत नाई. तोंडाशी मूठ धरली आन मादीचा आवाज काढला. तो आयकून नर धावत फाशावर येते. फासे लावणाऱ्याबिगर तो आवाज कोणी शिकत नाई.

पोरं खिदळली. एक जण मागून वरडला, "आलो बे, आलो!" सरही हसले. साहेब हसले नाई. त्यांनी इचारलं,

"कोणाकडून शिकलीस?"

वनखात्याच्या माणसाचा हा सवाल शिकारीचा होता. बापानं फासे मी लहान होती तवाच जाळले. आता तो मजुरीले जाते. पण आमच्या शब्दाले कोण इचारते? सरच बोलले, अगदी कौतुकानं, "वडिलांकडून, दुसरं कोण? रोहिणखेडकडे बेडा आहे यांचा, पारध्यांची वस्ती."

तिसऱ्या दिवशी बेड्यावर वनखात्याची जीप आली. पालं उचकली, चुलीतली राख बी उकरली. काईच सापडलं नाई. तरी बापाले घेऊन गेले. सांजच्याले सोडलं. बाप म्हणे, "कॉलेजात माहं नाव कोणी घेतलं वं?" मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तवापासून ती जीप येते. बेड्याच्या तोंडाशी थांबते. कोणी उतरत नाई, बोलत नाई. नुसती थांबते.

परवा सर म्हणाले, "विद्यापीठाचे पाहुणे येणार आहेत. तोच आवाज काढ."

"नाई काढत."

"लाजतेस काय?"

"लाज तुमाले वाटाले पाह्यजे, सर. मी इथं शिकाले येते. धड्यावर प्रश्न इचारा, उत्तर देते."

सर हळूच म्हणाले, "अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत. लक्षात ठेव."

हाव, हायेत. करा नापास. मी पुन्हा येऊन बसीन, याच वर्गात, पहिल्या बाकावर. पण माह्या बापाच्या घराची वाट माह्या तोंडातून आता कोणाले सापडणार नाई.