डाव्या पायाची शिवण

माझा थोरला भाऊ शिंपी. गिऱ्हाइकांची पोटं सुटली, खांदे उतरले, तरी दादा कधी कोणाला तोंडावर बोलला नाही. शिवण मोकळी करायची आणि गप्प बसायचं, ही त्याची रीत. घरात मात्र माझ्या वजनावरून त्याने जन्मभर टोमणे मारले.

साथ आली आणि दुकान बंद झालं. दादा घरीच मशीनवर मास्क शिवत बसायचा. त्याच सुमारास डाव्या मांडीत त्याच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती. इस्पितळात तेव्हा फक्त साथीचे रुग्ण घेत होते, म्हणून डॉक्टरांनी फोनवरच विचारपूस केली. "चरबीची असेल. साथ ओसरली की या."

दादाला तेवढंच हवं होतं. "आत्ता जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण," असं मला म्हणाला आणि विषय बंद केला.

गाठ वाढत गेली, तसा दादाने त्याला येत होता तो इलाज केला. पँटच्या डाव्या पायाची शिवण उसवली, आत दुमडलेलं कापड सोडलं, पुन्हा टीप मारली. ते कापड संपल्यावर आतून पट्टी जोडली. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. साथ ओसरली तरी त्याचं उसवणं चालूच होतं.

शेवटी वहिनीचा फोन आला. "वन्सं, घडी घालताना बघितलं, यांच्या पँटचे दोन पाय सारखे नाहीत."

"चुकला असेल एखाद्या वेळी."

"सगळ्याच पँटी चुकल्यात हो."

मग मात्र मी त्याला ओढतच नेलं. डॉक्टर म्हणाले, हा लाखात एखाद्याला होणारा कॅन्सर. सुरुवातीला गाठ तेवढी काढून भागलं असतं. मी घराण्यातली नावाजलेली भांडखोर, पण तेव्हा नुसती भिंतीवरचा पंखा बघत बसले. राग नाही, रडू नाही.

वहिनीला एकच धास्ती, पाय कापतील. पायाने मशीन चालवणारा माणूस, पाय गेला तर करणार काय? बाकीच्या तपासण्या होईपर्यंत ती धड जेवली नाही.

रिपोर्ट आले. डॉक्टर खोलीत येऊन म्हणाले, "पाय कापायचा नाही, असं ठरलंय."

वहिनीने तिथल्या तिथे हात जोडले. "देव पावला," म्हणत ती रडायला लागली.

दादा पलंगावर बसून डॉक्टरांकडे बघत होता. "का हो?" त्याने विचारलं. "कापून उपयोग नाही म्हणून?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "फुफ्फुसात पसरलाय."

वहिनीचे हात अजून जोडलेलेच होते.