मंडईत न पेटलेला स्टोव्ह

वाटणीच्या वेळी दादानं तलावाखालच्या धानाच्या बांध्या स्वतःकडे ठेवल्या आणि माझ्या वाट्याला टेकडीकडचा कोरडा तुकडा आला. आजही मी त्याला अन्यायच म्हणतो. त्या रागात शेती सोडली, सायकलला पितळेची भांडी बांधून बाजार करू लागलो आणि सन ऐंशीच्या आसपास एक जुनी मॅटाडोर घेतली. मागे भांड्यांची पोती, पोत्यांवर फळ्या, फळ्यांवर गादी. मी आणि बायको बाजारामागून बाजार करत तिच्यातच राहायचो. जेवण मात्र हॉटेलातलं, नाहीतर घरून बांधून आणलेलं. गाडीत एक स्टोव्ह हवा, असं बायको कधीची म्हणत होती.

मी मनावर घेतलं ते वेगळ्याच कारणानं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते; दिघोरीच्या मंडईत मी दुकान लावणार होतो. दादाची मुलगी त्याच गावात दिलेली. मंडईला लेकीकडे जायची रीत, तेव्हा दादा-वहिनी येणारच. वाटणीपासून त्यानं माझ्याकडचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. या वेळी त्याला माझ्या गाडीशी बसवून माझ्या स्टोव्हवरचा चहा पाजायचा, असं मी ठरवलं. त्याच्या बांध्यांवाचून मी कसा उभा राहिलो, ते त्यानं डोळ्यांनी बघावं.

भंडाऱ्याच्या दुकानात बायकोनं वातीचा स्टोव्ह उचलला. "हाच घ्या जी. लहान आहे, आवाज नाही. गाडीच्या धक्क्यानं बिघडाले याच्यात आहे काय?"

"टिनाचा डबा तो! धंदा पितळेचा, अन् दादासमोर टिन ठेवू?"

मी फळीवरचा सगळ्यात जड पितळी पंपाचा स्टोव्ह उतरवला. उलटा करून बूड पाहिलं, सांधे पाहिले. किमतीवरून इतकी हमरीतुमरी केली की बाकीची गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. शेवटी दुकानदार कंटाळला. "घेऊन जा, बाप्पा. पण एकदा पेटवून पाहून घ्या. लय दिवसांचा पडून आहे."

"पेटवाचा नाही!" मी ओरडलो.

आमच्या धंद्यात आच लागलेलं भांडं नवं राहत नाही. एकदा बूड काळं झालं की ते मोडीच्या भावात जातं. हा मला पेटवायच्या निमित्तानं स्टोव्ह जुना करून देणार आणि मग परत घेणार नाही, अशी माझी पक्की समजूत. घरीही मी त्याला काडी लावू दिली नाही. चिंचेनं घासला, धोतराच्या कापडात गुंडाळला आणि गाडीत ठेवला.

मंडईच्या दिवशी वहिनीला घेऊन दादा आला. अंथरलेल्या पोत्यावर बसला, गाडीकडे मान वळवून बघत राहिला आणि म्हणाला, "गाडी चांगली केली रे." एवढं ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! मी ऐटीत बायकोला म्हणालो, "चहा ठेव."

तिनं रॉकेल भरलं, वाटीत स्पिरिट पेटवलं, पंप मारायला लागली. पंप नुसताच आतबाहेर होई, हवा काही धरेना. दुकानात पडून पडून त्यातलं चामडं वाळून आकसलं होतं, हे नंतर कळलं. ती मारत राहिली. रॉकेल झिरपलं आणि एकदम पिवळा भडका उठला. पातेलं काळंठिक्कर.

"दुकान जाळता का जी?" शेजारचा बांगडीवाला ओरडला. बाया खदखदून हसल्या.

"पंप मारता येत नाही तुले?" मी बायकोवर खेकसलो. "हात आहेत का लाकडं?"

सगळ्या मंडईनं ऐकलं.

दादा शांतपणे म्हणाला, "तिच्यावर कायले वरडून राहिला? घेताना पेटवून नाही पाहिला का?"

थोरल्या दिरापुढे बायको सहसा तोंड उघडत नसे. पदर पुढे ओढून, खाली बघतच ती म्हणाली, "यायनं पेटवू नाही देल्ला जी. तुमच्यासाठी कोरा ठेवला होता."

तिनं गाऱ्हाणं केलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पोटातलं तिनं असं भर बाजारात, तेही माझी बाजू घेऊन, दादासमोर उघडं केलं. आणि मी तर आत्ताच तिच्या हातांना लाकडं म्हटलं होतं. माझी मान वर होईना.

वहिनी उठली आणि लेकीच्या घरून किटलीभर चहा घेऊन आली. दादा माझ्याच पोत्यावर बसून प्याला. मी त्याच्या टोमण्याची वाट बघत होतो. त्यानं एक शब्द टाकला असता तर बांध्यांचं सगळं तिथल्या तिथे बाहेर काढलं असतं. इतक्या वर्षांचं जिभेवर तयार होतं. त्यानं टाकलाच नाही.

"तू नाही घेत?" त्यानं विचारलं.

"मले नाही पाहिजे."

"घे ना. थंडा होऊन राहिला."

वहिनीनं कप हातात दिला. बायको चिंधीनं पातेल्याचं बूड पुसत बसली होती, तिला कोणी दिला की नाही ते मी पाहिलंही नाही. मी गाडीकडे तोंड करून तो चहा प्यालो.