आत्याचा सोमवार

महानंदाआत्या गेल्याचा फोन उदगीरहून शमीमभाभींनी केला. त्या तिच्या शेजारीण, चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेल्या. मी लगेच निघालो, पण पोहोचलो तर आमचे सगळे नातेवाईक माझ्या आधी हजर. ती जिवंत असताना ज्यांना लातूरहून उदगीर गाठायला कधी सवड झाली नाही, ते मातीला मात्र गाड्या करून आले होते. तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने पेपरात तिचा फोटो छापून आणला. खाली मजकूर : ‘धर्मपरायण, सोमवारचे व्रत आजन्म पाळणाऱ्या...’ आत्याने हे वाचलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे, पण ते इथे छापण्यासारखं नाही. चाळीस वर्षांत तिने एकही सोमवार धरला नव्हता. का, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच त्यावर कुणी बोलत नाही. तिला जाऊन पाच आठवडे झाले. आता मी बोलतो.

आत्या माझ्या वडिलांची सख्खी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे विश्वनाथमामा, लातूरला अडते होते. शेतकऱ्यांचा माल बोली लावून विकायचा आणि आपली अडत घ्यायची, हा धंदा. अडत्यांच्या गल्लीत एक रीत होती : ओळखीच्या माणसाने पुढे केलेला कागद वाचायचा नाही. नुसता खिशातून चष्मा काढला तरी समोरच्याला चोर म्हटल्यासारखं व्हायचं. याला ती मंडळी इभ्रत म्हणत. मी शुद्ध बावळटपणा म्हणतो. शेजारच्या गाळ्यातल्या अडत्याने दुष्काळाच्या वर्षी स्वतःच्या कर्जासाठी एक कागद पुढे केला, मामांनी सही ठोकली आणि वर त्यालाच चहा पाजला. त्या सहीने राहतं घर तारण गेलं होतं. पुढे त्या गृहस्थाचं दिवाळं निघालं, तो कुलूप लावून हैदराबादेकडे पसार झाला आणि जप्तीची नोटीस आत्याच्या दारावर चिकटली. मामांनी तेव्हा चष्मा लावला... त्यानंतर चार महिन्यांत ते गेले. मूलबाळ नव्हतं. आत्याकडे उरलं ते एवढं घर, आणि तेही लिलावाला निघालेलं.

पहिला लिलाव आषाढात ठेवला होता. त्याही वर्षी पाऊस नव्हता, पेरण्या करपल्या होत्या, घागरीभर पाण्यासाठी भांडणं होत होती. आत्याने आदल्या दिवशी विकतचं पाणी भरून ठेवलं आणि सकाळपासून तीस माणसांचा स्वयंपाक मांडला. पुरण, कटाची आमटी, गव्हाची गोड हुग्गी. वसुली अधिकारी पंच घेऊन आला, मागून बोली लावणारे व्यापारी आले, तर अंगणात पत्रावळी मांडलेल्या.

“बाई, आम्ही जप्तीला आलोय,” अधिकारी म्हणाला.

“हाव, ठाव हाय मला. उपाशी पोटी कशाला जप्ती करता? लिलाव कुटं पळून चालला नाही. बसा.”

बसले. फुकटच्या हुग्गीला नाही म्हणणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. पोटभर जेवले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ज्या बाईच्या हातचं मीठ खाल्लं, तिच्याच चुलीवर बोली लावायची नाही, ही त्याच गल्लीची दुसरी रीत. अधिकाऱ्याने तीनदा पुकारा केला. एका शेठजीने ढेकर दिली, बाकी कुणाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. बोली नाही म्हणून लिलाव तहकूब झाला. आत्याने त्या दिवशी खरकटी पत्रावळ न् पत्रावळ स्वतः उचलली, आणि मी तिला एवढं खूश त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पण लातूर जिल्हा होणार हे तोवर पक्कं झालं होतं. नव्या कचेऱ्या येणार, रस्त्यालगतच्या जागेला सोन्याचा भाव येणार, अशी चर्चा गावभर चालली होती, आणि आत्याचं घर ऐन रस्त्यावर. एका दुपारी वडिलांनी मला समोर बसवलं. मी कॉलेजात होतो, अक्षर चांगलं होतं. “लिही,” म्हणाले. लिलाव श्रावणी सोमवारी ठेवावा, व्यापारी मंडळी त्या दिवशी मोकळी असतात, त्यांची सोय होईल, असा अर्ज. सोमवार कशासाठी, हे न कळायला मी काही तान्हं बाळ नव्हतो. आमच्यात श्रावणी सोमवार सगळे धरतात. उपासाच्या माणसाला वाढता येत नाही. मी तो अर्ज वळणदार अक्षरात लिहिला, खाली वडिलांनी सही केली.

त्या सोमवारी आत्याने भगर केली, दाण्याची आमटी केली. उपासाला चालेल असं सगळं होतं. अंगणात डझनभर शिवभक्त कपाळाला भस्माचे पट्टे ओढून उभे होते. “आमचा निर्जळी हाय, बाई,” एकाने सांगितलं, की बाकीच्यांचाही निर्जळी निघाला. जन्मात ज्यांनी चहा सोडला नव्हता, त्यांनी त्या दिवशी तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती ताट घेऊन माझ्यापुढे आली. मी वडिलांकडे पाहिलं आणि म्हणालो, “माझा पण उपास आहे, आत्या.” सोमवार का, असं तिने अधिकाऱ्याला विचारलं तेव्हा त्याने अर्जच तिच्या हातात दिला. तिची पत्रं मीच लिहीत असे. तिने कागद डोळ्यांजवळ धरला, परत दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अक्षर चांगलं हाय.”

घर वडिलांनी दुसऱ्याच्या नावावर बोली लावून घेतलं. आत्या एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन बाहेर पडली. सगळे निर्जळीवाले तोवर समोरच्या हॉटेलात भजी खात बसले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या घराच्या पुढच्या गाळ्याच्या भाड्यावर माझं शिक्षण झालं. नातेवाइकांची मला इतकी किळस येते, तेव्हा मी स्वतःला त्यांतून वगळत नाही.

उदगीरला स्टेशनजवळ तिने एक खोली घेतली. पापड लाटले, शिवण केलं. आणि दर सोमवारी चूल पेटवून रांधलं. स्टेशनवरचे हमाल, गाडी चुकलेले लोक, शेजारपाजारची पोरं, जो येईल त्याला वाढलं. देव रागावेल म्हणून कुणी समजावलं तर म्हणायची, “त्याला उपाशी लोक लई बघायला मिळतात. एक जेवणारी राहू दे.” मी जात राहिलो. इतर वारी ती चहा करायची, भाकरी वाढायची, माझ्या पोरांची चौकशी करायची. सोमवारी गेलो तर सगळ्यांना वाढून झाल्यावर भांडी झाकून ठेवायची. एकदा मी लाज सोडून विचारलं, “आत्या, मला का वाढत नाहीस गं?” ती ओटा पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “तुला वाढलं की तुला वाटंल, झालं, फिटलं. न्हाई फिटलं ते.” आवाज चढला नव्हता... तेवढं बोलून तिने चहाचं आधण ठेवलं.

गेल्या आठवड्यात तिची खोली रिकामी करायला गेलो. घरमालकाला एकच दिवस मोकळा होता आणि तो सोमवार निघाला. शमीमभाभींनी आत्याचा नेम सोडलेला नाही, त्यांच्या दारात हमाल जेवत होते. मला बघून त्यांनी आणखी एक ताट वाढलं आणि पुढ्यात आणून ठेवलं. “खाऊन घ्या, मग सामान काढा.” वरण-भात, बाजूला थोडी हुग्गी. भूक लागली होती. आता अडवणारी ती नव्हती आणि भाभींना त्यातलं काही माहीत नव्हतं. मी ताट उचललं आणि जेवायला नुकत्याच आलेल्या एका म्हाताऱ्या हमालापुढे सरकवलं.

“का हो? उपास हाय का तुमचा?” भाभींनी विचारलं.

“हाव,” म्हणालो, आणि आत जाऊन तिची खोली झाडायला घेतली.