सकीनाचा नववा भाग

छापखान्यात कटिंग मशीनखाली कागदाच्या पट्ट्या साचतात, तसे प्रकाशकाच्या ऑफिसात किस्से साचतात. झाडून काढावेत तर संध्याकाळपर्यंत पुन्हा ढीग! नांदेडच्या अशाच एका ऑफिसात मी बरीच वर्षं प्रूफं तपासली. बाकीचे किस्से हसत हसत सांगते. सकीनाचे सांगताना मात्र आजही आवाज आपोआप खाली येतो.

सकीना आमच्या पुस्तकांच्या मालिकेची नायिका. वय सोळा, मुक्काम लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत. होस्टेलच्या हौदातून ती भूकंपात गाडलेल्या गावात उतरायची आणि तिथल्या माणसांचे राहून गेलेले निरोप वर आणायची. लेखक शफीसर लातुरात फिजिक्स शिकवायचे. गाव औशाकडचं. त्यांची खरी बहीण सकीना भूकंपात गेली, अकरा वर्षांची होती. त्या रात्री सर बाज घेऊन अंगणात झोपायला निघाले, तेव्हा त्यांनी तिलाही हाक मारली होती. ती काय म्हणाली, ते सरांनी कधीच कोणाला सांगितलं नाही.

*

पाचव्या भागात सरांनी सकीनाला खालच्या गावात तिच्या माणसांकडे पोचवलं, हौदावर शिळा ठेवली आणि 'समाप्त' लिहिलं. आमचे मालक भालचंद्रकाका हादरले.

"सर, चालत्या गाडीला खीळ घालून राहिले की तुम्ही!"

"काका, ती घरी पोचली. अजून काय पाहिजे?"

पाहिजे होतं क्लासच्या पोरांना. पत्रांचा खच पडला. एकीने लिहिलं, "सकीना गेल्यापासून आमच्या रूमवर कोणी हसत नाही. तिला बोलवा, नाहीतर मी टेस्टला बसणार नाही."

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला हळूच म्हणाले, "खरं सांगू का ताई, तिला पोचवलं आणि मला बोलायला कोणी राहिलं न्हाई."

सहाव्या भागात तिच्या भावाने हौदाच्या तोंडाशी हाक मारली, आणि सकीना शिळा सरकवून वर आली. मला ते पटलं नव्हतं. पण मी ऱ्हस्व-दीर्घ बघणारी बाई, मला कोण विचारतो!

*

सातव्याच्या वेळी काका म्हणाले, "लातूर लई झालं. तिला किनवटला न्या. जंगल हाय, धबधबा हाय."

नेली. काही दिवसांनी किनवटकडच्याच इस्लापूरजवळच्या एका वसतिगृहातून पोस्टकार्ड आलं. "सकीना आमच्याकडे आली आहे. सगळ्यांशी चांगली वागते. पण औशाची बस कुठून मिळते, ते सारखं विचारते. कृपया कळवणे."

काकांनी ते कौतुकाने बोर्डावर लावलं. मी सहज टपालाचा शिक्का पाहिला. त्या तारखेला सातवा भाग अजून बाइंडिंगलाच होता.

*

आठव्याचं कव्हर नव्या चित्रकाराने केलं. चित्र बघून मी ओरडले. "अहो, पुस्तकात दोन वेण्या आहेत. तुमच्या चित्रात एक सुटलेली का?"

"मला अशीच दिसली, मॅडम."

सरांनी चित्र बराच वेळ हातात धरलं. "राहू द्या," म्हणाले. "झोपताना एक सोडायची ती. दुसरीचा कंटाळा करायची."

त्या दिवशी सरांना नववा भाग लिहू नका म्हणावं, असं फार वाटलं. पण प्रत्येक भागात भाऊ हाक मारायचा, आणि ती यायची. तेवढ्यासाठीच सर जगत होते. कोणत्या तोंडाने सांगणार?

*

नवव्याचं हस्तलिखित घेऊन सर स्वतः आले. दुपारचा चहा चालला होता. तेवढ्यात लातूरच्या होस्टेलवरची एक मुलगी वडिलांना घेऊन आली.

वडील ओशाळून म्हणाले, "हिला लेखकाला भेटायचं हाय. अभ्यासात ध्यान न्हाई. शेजारच्या रिकाम्या खाटेवर रोज चादर घालून राहिली."

मुलगी सरळ सरांपुढे उभी राहिली. "सर, नववा भाग काढू नका."

"का बेटा?"

"ती लई थकली हाय. तुम्ही हाक मारली की तिला उठावं लागतं."

काका हसले. "तिनंच सांगितलं व्हय?"

"हाव."

सरांनी कप खाली ठेवला. "काय म्हणाली?"

आमच्या आठही भागांत सकीना मराठीच बोलते. ही मुलगी जोशांची, हिच्या घरी दखनी कोण बोलणार! पाठ केल्यासारखं एकेक शब्द जपून म्हणाली, "सोने देओ ना भाईजान. कल छुट्टी है."

काकांचं हसू तसंच राहिलं होतं.

"मग?" सरांनी विचारलं.

"मग भिंतीकडं तोंड करून झोपली."

सरांनी टेबलावरचं हस्तलिखित उचललं, पिशवीत घातलं, पिशवीचे बंद नीट बांधले.

"हो," ते म्हणाले. "त्या रात्री भिंतीकडंच होतं."