जपानी शिस्त आणि बाबांची होडी

जपानच्या आगगाड्यांतल्या शिस्तीमुळे आमच्या बाबांची होडी विकली गेली.

तेव्हा मी सौदीत, रास तनुराला फिटर होतो. कंपनीने पंपांच्या ट्रेनिंगसाठी महिनाभर जपानला धाडलं. तिथे सकाळच्या गाडीत माणसं लोणच्याच्या फोडींसारखी दाबून भरलेली, पण आवाज? शून्य! पाठीची सॅक पोटावर, फोन मुका, आणि पायावर पाय पडला तर ज्याचा तुडवला तोच माफी मागणार! (आमच्याकडे मयतालाही एवढी शांतता नसते.)

परत आलो तो पुरता बाटूनच. कॅम्पच्या बसमध्ये सगळ्यांना हळू बोलायचे धडे देऊ लागलो. बहिणीचे यजमान, आमचे दाजी, त्याच बसला असायचे. आवाज बंदरावर मासळीचा लिलाव करणाऱ्याचा!

"दाजी, हळू! जपानमध्ये..."

"मग तिकडेच राहायचंस! यल्ला, चल, सरक!"

सगळी बस हसली. म्हटलं, ठीक आहे, निदान आपण तरी पाळू.

दुसऱ्याच दिवशी खचाखच भरलेल्या बसमध्ये मोबाईल थरथरला. गावाहून धाकटा भाऊ, बंड्या.

"दादा, होडीला गिऱ्हाईक आलंय. दारातच उभं आहे. विकू की नको?"

बाबा गेल्यापासून होडी किनाऱ्यावर पालथी पडून होती खरी. पण नोकरी सोडून तीच पाण्यात घालायची, एवढ्या एका आशेवर मी त्या उकाड्यात दिवस काढत होतो! बोंब मारावीशी वाटली. पण शिस्त म्हणजे शिस्त! खाली वाकून, तोंडावर हात धरून कुजबुजलो, "नको! विकू नको!"

"काय? मोठ्याने बोल!"

"विकू नको रे..."

"विकू? बरं!"

फोन बंद. पुन्हा लावला, लागेना. दाजींना सांगितलं, तर ते गरजले, "अरे गाढवा, ओरडायचं नाही का?" (हे बहुधा गावापर्यंत ऐकू गेलं असेल. उपयोग काय!)

संध्याकाळी बंड्या सापडला. "तूच म्हणालास ना, विकू? गेली की होडी!"

सुट्टीवर गेलो तेव्हा ती धक्क्याला लागलेली दिसली. नवा रंग, नवं नाव. बाबांनी कोरलेली अक्षरं पार तासून काढलेली. मला फार वेळ बघवेना.

घरी आई एवढंच म्हणाली, "लोकांची पोरं जपानहून टीव्ही आणतात. आमच्याने तोंड दाबून बोलायची खोड आणली!"

आणि एरवी माझी बॅग उलटीपालटी करणाऱ्या कस्टमवाल्यांनी नेमकी ती खोड तेवढी अडवली नाही!