वेलीवरचे मोठे किडे

आमचं पहिलं मूल जन्मताच गेलं. त्यानंतर बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. तेव्हा तारापूरला मोठं बांधकाम निघालं होतं. मासेमारीची होडी बंद असली की मी तिथं खडी वाहायला जाई. नाशिककडच्या एका गवंड्याने मला द्राक्षाची काडी दिली. आमच्या नवापूरच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या जमिनीत ती काय जगणार? पण हिने लावली, मासळी धुतलेलं पाणी घातलं, आणि ती मांडवावर चढली. ही वेलीशी बोलायची, माझ्याशी नाही. एक घड पिकलेला बघायचा, एवढाच तिचा ध्यास.

पुढच्या वर्षी वेलीच्या सांध्यांत पिठासारखे पांढरे किडे बसले. पानं लाल पडून कडेने खाली वळायला लागली. त्या बारक्या किड्यांत काही मोठे होते. तेही पांढरेच, पण झिपरे आणि इकडून तिकडे फिरणारे.

माझी आई हिला म्हणाली, "या त्यांच्या आया. आया मार, पिल्लं आपोआप मरतील."

"आनी बारके?"

"बारके येचत बसलीस तं चूल कोण पेटवल, तुजा बाप?"

मग ही रोज झाडूच्या हिराच्या काडीने मोठे टिपून रॉकेलच्या डब्यात टाकायची. मोठे संपत आले. बारके मात्र बुंध्यापर्यंत उतरले.

एकदा मी ओट्यावर जाळं सांधत होतो. तिने तोडून टाकलेलं पान बाजूला पडलं होतं. त्यावर एक मोठा किडा बारक्याला धरून खात होता. एक संपला की दुसरा. मी तिला हाक मारली.

ती वाकून बघत राहिली, आणि मूल गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "अवो, म्हंजे मी खाणारेच मारले?"

"मारलेस." मला गोड बोलता येत नाही.

"आई तं त्यांना आया म्हनाल्या."

"तिला काय ठावं? द्राक्षाची वेल बगितली हाय का तिनं कदी?"

मग तिने मोठ्यांना हात लावला नाही. ते वाढले, त्यांचे काळे भुंगे झाले, आणि वेल साफ झाली. पण बारक्यांनी रोग लावायचा तो लावला होता. नवी पानंही तशीच लाल होऊन वळली. एक घड धरला, तो पिकलाच नाही.

तिने कोयता घेतला. मी म्हटलं, "एक वरीस थांब."

"कशाला? आनखी एक मरताना बगायला?"

वेल तिने बुंध्याशी तोडली. त्या दिवसापासून ती माझ्याशी रोज बोलायला लागली, पण कामापुरतं. मुलं झाली, वाढली, तरी कामापुरतंच. यंदा ती गेली. आता तेवढंही कोणी बोलत नाही.