ओलं जाळं

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात मनीषा थळेचं नाव निघालं की लोक आधी हसतात. वाईट अर्थानं नाही, पण हसतात. सहलीची बस सुटली की "हॉलचे दिवे बंद केलेत ना?" असं विचारणारी तीच. मुलगी ईरा नोकरीसाठी रीडिंगला राहायला गेली, तेव्हा मनीषानं तिच्या फ्लॅटमधला स्मोक अलार्म खुर्चीवर चढून स्वतः वाजवून पाहिला होता. हॉस्पिटलमध्ये ती ऑपरेशनची हत्यारं धुऊन, निर्जंतुक करून पॅक करणाऱ्या विभागात आहे. तिथे तिच्या या स्वभावाची कदर होते. घरी नवऱ्याचं, चंद्रशेखरचं, एकच ठरलेलं उत्तर असतं: "मनीषा, उगाच."

चंद्रशेखर मूळचा अलिबागकडचा. इथे कौन्सिलमध्ये रस्तेदुरुस्तीचं काम बघतो. ट्रेंट नदीच्या काठाला जुन्या खडीच्या खाणींमध्ये पाणी भरून तळी झाली आहेत, भोवती लव्हाळी आणि दलदल. लोक कुत्री घेऊन, प्रॅम ढकलत तिथे फिरायला येतात. त्या तळ्यांत अमेरिकन क्रेफिश माजलेत. क्रेफिश म्हणजे कोळंबी आणि चिंबोरी यांच्या मधलं काहीतरी, पुढे दोन जाडजूड नांग्या. हे अमेरिकन पाहुणे काठ पोखरतात, माशांची अंडी खातात. ते कमी करावेत म्हणून त्या तळ्यांची देखभाल करणाऱ्या वॉर्डन हेलनबाई रीतसर परवानगी काढून शनिवारी सकाळी स्वयंसेवकांना घेऊन जाळी टाकतात. गोल कड्याचं पसरट जाळं, मध्ये माशाचं डोकं बांधायचं, तळाशी सोडायचं आणि थोड्या वेळानं झटकन उचलायचं. चंद्रशेखरनं तिथला बोर्ड वाचला आणि दुसऱ्याच आठवड्यात नाव नोंदवलं. लहानपणी खाडीत चिंबोऱ्या धरलेला माणूस, त्याला घरी बसवेना. मनीषा साताऱ्याची, मासे खायला लग्नानंतर शिकली. ती गेली ती नवरा पाण्यात पडू नये म्हणून.

पण मग तिलाच त्या कामाची गोडी लागली. त्यात पाळायचे नियम होते, आणि नियम तिला आवडतात. धरलेला अमेरिकन परत पाण्यात सोडायचा नाही. जाळं, बूट, बादल्या गरम पाण्यानं धुवायच्या आणि अगदी खडखडीत वाळेपर्यंत दुसऱ्या कुठल्याच पाण्यात न्यायच्या नाहीत. कारण या अमेरिकनांच्या अंगावर एक रोग असतो, बुरशीसारखा. त्यांना त्याचं काही होत नाही. माणसालाही होत नाही. पण इथला जो मूळचा क्रेफिश आहे, लहानसा, तपकिरी, नांग्या खालून फिकट, तो या रोगानं मरतो. एकदा रोग ओढ्यात शिरला की सगळा ओढा रिकामा होतो. हेलननं पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं आणि मनीषानं ते मनात पक्कं बसवलं होतं. शनिवारी दुपारी थळ्यांच्या मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर जाळी वाळत असायची, आणि स्वयंपाकघरात चंद्रशेखर क्रेफिशचं सुकं करत असायचा.

गेल्या जूनमधल्या एका शनिवारी मात्र जाळी धुतली गेली नाहीत. मनीषा तळ्यावर असतानाच हॉस्पिटलमधून फोन आला, कुणीतरी आजारी, येशील का. तिनं आपलं जाळं काळ्या पिशवीत भरलं, गाडीच्या डिकीत टाकलं आणि चंद्रशेखरला म्हणाली, "घरी गेल्यावर एवढं धुवा हं." तो हो म्हणाला. आणि विसरला.

दुसऱ्या दिवशी ईराचा वाढदिवस. ती रीडिंगहून आली होती. तिघं डर्बीशरमध्ये पिकनिकला गेले. डोंगरातली अरुंद दरी, खाली ओढा, ओढ्यावर दगडी पूल. चादर अंथरली, पुऱ्या-भाजी झाली, केक झाला. मग मनीषा टॉयलेट शोधत गावाकडे गेली. ते बरंच लांब निघालं.

परत आली तेव्हा बापलेक पुलाखाली वाकून उभे होते. चंद्रशेखरच्या हातात दोरी.

"आई, कम अँड सी!" ईरा ओरडली. "बाबाने पकडली! इकडे पण आहे!"

मनीषानं जाळ्याकडे पाहिलं. आपलंच जाळं. त्यात बोटाएवढा एक क्रेफिश अंग आखडून बसला होता. अमेरिकनाच्या नांगीच्या सांध्यावर पांढरट-निळा डाग असतो, तो इथे नव्हता. तिनं वाकून नांगीखाली पाहिलं. फिकट.

"हे जाळं कुठून काढलंत?"

"डिकीत होतं."

"ओलं होतं?"

चंद्रशेखरनं दोरी बोटाला गुंडाळली. त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण ते हळूहळू उतरत चाललं होतं.

"अहो, ओलं होतं का?"

"थोडं दमट असेल. मनीषा, एवढासा थेंब..."

क्रेफिशला त्यांनी परत पाण्यात सोडलं. दुसरं काय करणार? जाळं पुन्हा पिशवीत गेलं, पिशवीला दोन गाठी. गाडीत ईरा म्हणाली, "आई, यू ऑलवेज डू धिस. काहीतरी होईल, काहीतरी होईल. नथिंग हॅपन्स."

ते खरंच होतं. आयुष्यभर तिनं हजार गोष्टींची काळजी केली आणि त्यातली एकही घडली नाही. गॅस बंदच असायचा, दार लावलेलंच असायचं. म्हणून तर आता तिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. आणि या वेळी मात्र ती गोष्ट खरोखर घडून गेली होती, घडताना तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

घरी येऊन तिनं जाळं उकळत्या पाण्यात बुडवलं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"हेलनला सांगायला हवं," ती म्हणाली.

चंद्रशेखर टीव्हीसमोर बसला होता, टीव्ही बंद होता. "काय सांगणार? परवानगी फक्त त्या तळ्यांची. दुसऱ्या पाण्यात जाळं टाकणं गुन्हा आहे. वर तो संरक्षित प्राणी. माझी कौन्सिलची नोकरी आहे, मनीषा. ग्रुपची परवानगी जाईल ते वेगळंच. आणि सांगून त्या ओढ्याचं काय भलं होणार आहे?"

"लोक त्या ओढ्यातून इकडेतिकडे जातात. कुत्री जातात. तिथून रोग पुढच्या ओढ्यात जाईल. निदान बोर्ड तरी लावतील."

"किंवा काहीच झालेलं नसेल."

"किंवा काहीच झालेलं नसेल," ती म्हणाली. तिला याचंच सर्वांत जास्त भय वाटत होतं, की या आशेवर आपण गप्प बसू.

सोमवारी तिनं कामावरून रजा घेतली आणि हेलनला फोन लावला. स्वयंपाकघरात उभ्यानंच. "आय हॅव डन समथिंग टेरिबल," असं तिनं सुरू केलं, "मी काल ओलं जाळं..." आणि तेवढ्यात चंद्रशेखर आत आला. ऑफिसला जायचे कपडे घातलेले, हातात डबा. तो क्षणभर ऐकत राहिला. मग त्यानं डबा ओट्यावर ठेवला आणि हात पुढे केला. तिनं मान हलवली, नको म्हणून. त्यानं फोन काढूनच घेतला.

"हेलन, चंद्रशेखर बोलतोय. तिनं नाही, मी टाकलं. ती तिथे नव्हतीच."

पुढचे दिवस कठीण गेले. हेलन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं मनीषाला वाटलं. ती फक्त म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी," आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. पर्यावरण खात्याचा एक अधिकारी येऊन चंद्रशेखरचा जबाब घेऊन गेला. जबाबाच्या आदल्या संध्याकाळी तो आरशासमोर वाक्यं म्हणून बघत होता, तीस वर्षं इंग्रजीत काम केलेला माणूस. तळ्यावरची जाळी चौकशी होईपर्यंत बंद झाली. ग्रुपमधले दोघं-तिघं दुकानात भेटले तर ट्रॉली दुसऱ्या बाजूला वळवू लागले. ओढ्याच्या पुलावर पिवळा बोर्ड लागला: पाण्यात उतरू नका, कुत्री सोडू नका. पाण्याचे नमुने तपासायला गेले. निकालाला वेळ लागेल, आणि एका तपासणीनं भागणार नाही, असं सांगण्यात आलं.

मनीषा सुट्टीच्या दिवशी त्या पुलावर जाऊन उभी राहू लागली. पाण्याला पाय लावायचा नाही, फक्त वरून बघायचं. हेलननं तिला सांगितलं होतं की हा क्रेफिश दिवसा सहसा दगडाखालून बाहेर येत नाही. रोग लागला की त्याची ती भीती जाते. मग तो भर उन्हात उघड्यावर फिरतो, काठ्यांवर चालल्यासारखा ताठ पायांनी, आणि उलथा पडतो.

म्हणजे दिसला तर वाईट. आणि नाही दिसला, तर ते चांगलं म्हणावं की सगळं संपलं म्हणावं? ती कठड्याला टेकून तासन्‌तास त्या दगडांकडे बघायची. शेवाळाचं टोक हललं तरी कठड्यावरून आणखी वाकून बघायची. येणारेजाणारे हसून विचारायचे, ट्राउट मासा दिसला का? ती नाही म्हणायची. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती.

चंद्रशेखर सुरुवातीला तिच्याबरोबर आला नाही. "तू जाऊन काय फरक पडणार?" म्हणायचा. एका रविवारी मात्र न विचारता गाडीत येऊन बसला. पुलावर दोघं शेजारी उभे राहिले. तो म्हणाला, "मला तिला दाखवायचं होतं. ईराला. लहानपणी आम्ही कसं धरायचो ते. ती कधी अलिबागला राहिलीच नाही." मनीषानं थर्मासमधला चहा त्याला ओतून दिला.

जुलै संपता संपता एका दुपारी तिला तो दिसला. पुलाच्या खालच्या बाजूला, उथळ पाण्यात, भर उन्हात. हलत नव्हता. फिकट, नांग्या पुढे पसरलेल्या, एका कुशीवर.

त्या दिवशी ती एकटीच होती. तिनं फोटो काढला. अंधूक आला म्हणून पुन्हा काढला, आणि हेलनला पाठवला. चंद्रशेखरला फोन केला. "मेला हो," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "तू तिथेच थांब. मी येतो."

दोघं जवळजवळ एकाच वेळी पोचले, हेलन आणि तो. हेलननं बुटांवर जंतुनाशक फवारून ते घातले, पाण्यात उतरली आणि ते कलेवर दोन बोटांत उचललं. उन्हाकडे धरून पाहिलं. मग ती काठावर आली आणि मनीषाला म्हणाली, "हात पुढे करू नको, नुसतं बघ."

ते हलकं होतं, कागदासारखं. पाठीवरचं कवच शेपटीपाशी फाटून उघडलं होतं, आणि आत काहीच नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टोप्या.

"हा मेलेला नाही," हेलन म्हणाली. "यानं कात टाकलीय. वाढतोय तो. इथेच कुठेतरी दगडाखाली बसला असेल, नवं कवच टणक होईपर्यंत."

चंद्रशेखरनं तोंड फिरवलं. तो पुलापलीकडे चालत गेला आणि तिथे पाठ करून उभा राहिला. मनीषाला हसू येत होतं आणि दातांवर दात आपटत होते. हेलननं तिच्या खांद्यावर हात ठेवला, ओला, फवारणीच्या औषधाचा वास येणारा. "याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही," ती म्हणाली. "पण आज तरी एक जण जिवंत आहे."

पहिला निकाल चांगला आला. मनीषानं त्यावर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या निकालापर्यंत उन्हाळा सरला. चंद्रशेखरला लेखी ताकीद देऊन सोडलं होतं, ते त्यानं ऑफिसात साहेबांना आपणहून सांगितलं. तळ्यावरची जाळी पुन्हा सुरू झाली, पण आता ती तिथल्याच शेडमध्ये कुलपात राहतात, घरी कुणी नेत नाही. ईराचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. आधी इकडचं तिकडचं बोलायची, आणि ठेवताना विचारायची, "आई, तो ओढाचं काही कळली का?"

दुसरा निकाल आला त्या दिवशी मनीषा कामावर होती. तिच्या विभागात फोन आत नेता येत नाही. शिफ्ट संपवून ती बाहेर आली तर गेटपाशी, बसस्टॉपच्या बाकाजवळ, चंद्रशेखर उभा. तो कधीच न्यायला येत नाही. तिची पावलं थांबली. ईरा. ईराला काहीतरी झालं. नाहीतर सासूबाई, तिकडून फोन आला असेल. तिनं पिशवी छातीशी धरली आणि तिथूनच ओरडली, "काय झालं?"

"काही नाही. पाणी स्वच्छ आहे. दोन्ही वेळा."

"ईरा बरी आहे?"

"ईरा बरी आहे."

"आणि तिकडे आई?"

"सगळे बरे आहेत, मनीषा. ओढा बरा आहे."

ती बाकावर बसली. तिच्या विभागातल्या दोन मुली हात हलवून पुढे गेल्या. "हेलनचा फोन कधी आला?"

"सकाळी. तू आत गेलीस आणि लगेच."

"आणि दिवसभर तुम्ही..."

"बाहेरच होतो. दोनदा कॉफी प्यायलो. म्हटलं, इथून हललो आणि तू दुसऱ्या दारानं निघून गेलीस तर?"

"अहो, पण असं नुसतं येऊन उभं राहायचं? माझा जीव गेला असता." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज भांडणाचाच होता. "आणि पुढच्या वर्षी परत तपासणार आहेत ना? एकदा विचारलंत का? दोनदा स्वच्छ म्हणजे कायमचं स्वच्छ, असं नसतं."

"विचारलं," चंद्रशेखर म्हणाला आणि तिच्याजवळ बसला. "मेमध्ये तपासणार आहेत. दगड उचलून मोजायला माणसं लागणार आहेत. मी आपल्या दोघांची नावं दिली."

बस आली. ती थांबली, दार उघडलं, आणि कुणी चढत नाही असं पाहून निघून गेली.